इंडक्शन परत करू नकोस

बाळ्या,

काल फोनवर तू तावातावाने सांगत होतास की इंडक्शन बोगस निघालं, सारखं मधेच बंद पडतंय, परत करून टाकतो. तेवढ्यात तुझ्या आईने फोन ओढून घेतला आणि जेवलास का, दूध घेतोस का सुरू झालं, माझं राहिलंच. आत्ता दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून टाइप करतोय. परत करू नकोस, तू जे सांगितलंस त्यावरून मला तरी ते धडधाकट वाटतंय.

कढई उचलून भाजी ताटात काढली की टिंटिं करतं आणि मिनिटभरात बंद, असं म्हणालास ना. अरे मग ते तसंच करणार. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातला करंट सेकंदाला वीसएक हजार वेळा उलटसुलट फिरतो आणि त्यामुळे वरच्या भांड्याच्या बुडातच उष्णता तयार होते, वर लोखंडी बूड नसलं की सर्किटला लगेच कळतं, मग ते जरा वाट बघतं आणि बंद होतं. आजीने दिलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं म्हणूनच घेत नाही. फ्रीजवरचं मॅग्नेट बुडाला घट्ट चिकटलं तर ते भांडं चालणार, एवढं बघून घेत जा. आणि दूध उतू गेल्यावर बंद पडलं तेही बरोबरच, टच बटणांवर ओल आली की त्याला वाटतं कुणीतरी बोट दाबून धरलंय. कोरड्या फडक्याने पूस आणि परत लाव.

पोहे परतताना बंद पडतं त्याचं मात्र कारण तू स्वतः आहेस. व्हिडिओ कॉलवर बघितलं मी, भिंतीला टेकवून ठेवलंयस आणि खाली प्लास्टिकचा टेबलक्लॉथ. पंखा खालून हवा खेचतो रे, तो कागद नाहीतर क्लॉथ ओढून धरतो आणि जाळी बंद. मग आतला मोठा ट्रान्झिस्टर, आम्ही आयजीबीटी म्हणतो, तो तापतो, त्याच्याजवळ सेन्सर असतो, तो म्हणतो बास, आणि सगळं बंद. तो बंद झाला म्हणून बरं, नाहीतर तो उडाला की फ्यूजही जातो आणि मग खर्च आला. चारी बाजूंनी वीतभर जागा सोड, खाली फरशी नाहीतर ओटा. आणि जेवण झालं की लगेच प्लग उपटू नकोस, पंखा थोडा वेळ फिरू दे. काचेला हात लावू नकोस, ती भांड्यानेच तापलेली असते आणि बराच वेळ तापलेली राहते. परवाच एक इंडक्शन खोललं तर आत झुरळांचा सगळा संसार, ऊब मिळते ना त्यांना. रात्री ओट्यावर खरकटं ठेवू नका.

दुसरा सेन्सर काचेच्या मधोमध खालून चिकटवलेला असतो, डाळीच्या दाण्याएवढा, वर पांढरी पेस्ट. आता हे नीट वाच. तो काच किती तापली ते बघतो, तेल किती तापलं ते नाही. पातळ बुडाच्या पॅनमध्ये चमचाभर तेल टाकून फुल पॉवर लावली तर काच तापून सेन्सरला कळेपर्यंत तेल धुरावलेलं असतं. ऑटो ऑफ आहे म्हणून फोडणी ठेवून अंघोळीला जायचं नाही. तेलाने पेट घेतलाच तर झाकण टाक आणि स्विच बंद कर, पाणी चुकूनही नाही.

बऱ्याच मॉडेलमध्ये २ तास बटणाला हातच लागला नाही तरी आपोआप बंद होतं, त्यामुळे राजमा शिजत ठेवून झोपलास तर सकाळी अर्धा कच्चा मिळेल, पण घर जळालेलं नसेल. आपल्याकडे जुनी कॉइलची शेगडी होती तिला हे काही नव्हतं. तू बालवाडीत होतास, लोडशेडिंगचे दिवस, डाळ ठेवली आणि लाईट गेली, बटण चालूच राहिलं, आई तुला घेऊन बाजारात गेली आणि मागे लाईट आली. आम्ही आलो तेव्हा घरभर धूर आणि पातेल्याचा तळ काळाठिक्कर, डाळीचा नुसता कोळसा. ते पातेलं अजून माळ्यावर आहे, आई टाकू देत नाही. इंडक्शन लाईट परत आली की बहुतेक वेळा नुसतं दिवा लावून बसतं, आपण बटण दाबल्याशिवाय तापत नाही.

एका गोष्टीचं मात्र त्याला काही कळत नाही, तुझ्या प्लगचं. २००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. मोबाईल चार्जरच्या एक्स्टेंशनवर लावलंयस असा मला संशय आहे, ती आपली ६ अँपिअरची, आतल्या पट्ट्या तापून प्लास्टिक वितळेल आणि इंडक्शन आपलं मजेत चालू राहील. १६ अँपिअरचं मोठं सॉकेट शोध, नसेल तर मालकांना सांग.

दिवाळीत आजी आली तर तिला ओट्यापासून दोन फूट लांब बसव, पेसमेकर आहे तिला, ती ऐकणार नाही पण तू बघ.

बिल जपून ठेव, वॉरंटीत आहे तोवर सील तोडू नकोस, तुला खोलायची फार खाज आहे. बाई आल्यात मिक्सर घेऊन, थांबतो.

अण्णा