खांब सापडला: एका ज्येष्ठ हॅम काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र आपल्याला खासगीत पाठवता आले असते. परंतु विजेच्या तारांतून येणाऱ्या खरखरीने हैराण झालेले माझ्यासारखे हौशी रेडिओचालक, म्हणजेच हॅम, खेड्यापाड्यांत आहेत, आणि आपण मला दाखवलेली शोधाची वाट त्यांनाही ठाऊक व्हावी, म्हणून जाहीरपणे लिहीत आहे.

सलग दोन वर्षे दिवाळी सरली की आमच्या गावात ७ मेगाहर्ट्झवर सुरू होणारी खरखर मृगाच्या पावसापर्यंत संपत नसे. रेडिओवर येणाऱ्या आवाजाची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा नऊवर जाऊन बसे आणि केरळ-आसाममधली हौशी केंद्रे तिच्याखाली गाडली जात. माझा संशय आधी शेजारच्या पिठाच्या गिरणीवर गेला व मी गिरणीवाल्यांना नको ते बोललो. नंतर घरासमोरच्या डीपीबद्दल तक्रार केली. ती साफ झाली, फ्यूज बदलले, तरी आवाजात तिळमात्र फरक पडला नाही. माझे रेडिओ केंद्रच बंद करावे अशा विचारात असताना मी आपल्याला फोन केला.

आपण कोणतेही महागडे उपकरण सुचवले नाही. घराचा मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर चालवायला सांगितलेत. खरखर तशीच राहिली, म्हणजे दोष घरातला नव्हता. मग पंधरा दिवस ती सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, ऊन, वारा आणि दव यांची वहीत नोंद ठेवायला लावलीत. वही घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा दोन पाने उलटताच आपण विचारलेत, "तुमच्याकडे शेतीची लाईन किती वाजता येते?" घरात दिवे चालू असतानाही खरखर थांबत होती, काही दिवस ती फक्त रात्रीच येत होती, आणि या वेळा शेतीपंपांच्या फीडरच्या (त्यांना वीज देणाऱ्या वेगळ्या लाईनच्या) वेळापत्रकाशी तंतोतंत जुळत होत्या. ज्या वेळापत्रकावर मी स्वतः उसाला पाणी देतो, तेच माझ्या अक्षरात माझ्यासमोर होते आणि मला दिसले नव्हते. त्या एका प्रश्नाने गिरणी आणि डीपी दोन्ही संशयातून मोकळी झाली. काका, माझ्यावर सर्वांत मोठे ऋण या प्रश्नाचे आहे.

पावसाने आवाज का थांबतो, हेही आपण समजावलेत. ढिल्या पडलेल्या दोन धातूंच्या भागांत गंज साचून बारीक फट राहते, आणि ५० हर्ट्झच्या विजेचा दाब प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, शिखराला जाताना त्या फटीत ठिणग्या उडतात. पाणी शिरले की फट सांधली जाते आणि ठिणगी विझते. मळलेल्या इन्सुलेटरचा (खांबावर तार पेलणाऱ्या वीजरोधकाचा) आवाज उलट दमट हवेत वाढतो, त्यामुळे ती शक्यता वहीनेच बाद केली होती.

शोधाच्या दिवशी मी ७ मेगाहर्ट्झचा रेडिओ घेऊन निघालो, तेव्हा आपण थांबवलेत. कमी फ्रिक्वेन्सीवर तीच तार हा आवाज लांबवर वाहून नेते, शेजारच्या तारांवरही उतरवते, आणि वाटेत तो जागोजागी चढतो-उतरतो, त्यामुळे निर्दोष खांबही दोषी वाटतो. डीपीच्या बाबतीत माझे हेच झाले होते. फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की आवाज मूळ जागेजवळच ऐकू येतो. म्हणून आधी १४४, मग ४३० मेगाहर्ट्झ, आणि दोन्हीकडे ए.एम. मोड, कारण एफ.एम. रिसीव्हर नेमकी हीच खरखर दाबून टाकतो. मोजपट्टीच्या पोलादी पट्ट्या पीव्हीसी पाइपवर बसवून आपण स्वतः तयार केलेला तीन एलिमेंटचा यागी, म्हणजे एकाच दिशेचा सिग्नल जोरात पकडणारा अँटेना, हातात धरून, सत्तरी उलटल्यावरही, आपण भर उन्हात ढेकळांतून चाललात. तीन ठिकाणांहून घेतलेल्या दिशा नकाशावर ओढ्याजवळ येऊन मिळाल्या. ४३० वर ओढ्यापलीकडचा ११ केव्हीचा एकच खांब उरला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खांबांपाशी आवाज जवळजवळ नव्हताच.

मी खांब हलवून पाहू का असे विचारले, तेव्हा मात्र आपण रागावलात. सैल झालेली तार तेवढ्या धक्क्यानेही खाली येऊ शकते, आणि वरचे काम वायरमनचेच असते, हे आपले शब्द मी विसरणार नाही. पुन्हा तक्रार लिहिण्याऐवजी आपण खांबाचा क्रमांक, वहीतल्या वेळा आणि दिशांचा नकाशा वायरमनदादांच्या हाती दिलात. त्यांनी लाईन बंद ठेवण्याचे परमिट घेऊन, लाईन अर्थ करून (जमिनीला जोडून) वर पाहिले, तर मधल्या फेजच्या पिन इन्सुलेटरचा नट ढिला आणि लाईन इन्सुलेटरला बांधून ठेवणारी बाइंडिंगची तार झिजून सैल झालेली निघाली. त्यांचेही मनापासून आभार.

आता काटा दोनवर असतो, आणि काल पहाटे गुवाहाटीचे एक केंद्र मला एकही शब्द न गमावता ऐकता आले. गिरणीवाल्यांची मी क्षमा मागितली आहे. वही चालूच ठेवली आहे, कारण गेल्या मंगळवारपासून १४ मेगाहर्ट्झवर एक बारीक, हळूहळू सरकणारा गुणगुणाट येतो. मेन स्विच बंद केल्यावर तो थांबला, त्यामुळे या वेळी एकेक खोली तपासतो आहे. पाने भरली की आपल्याला दाखवायला घेऊन येईन.

७३ (आम्हा हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा).

आपला कृतज्ञ,
सातारा जिल्ह्यातील एक हौशी रेडिओचालक