आईच्या हिश्शाचे हक्कसोडपत्र

संपादक महोदय,

कालच्या अंकातला हक्कसोडपत्रावरचा लेख वाचला. रक्ताच्या नात्यात ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो, दोन साक्षीदार न्यायचे, दस्त नोंदवायचा, मग फेरफार होऊन सातबारा मोकळा, हे सगळे लेखकाने व्यवस्थित सांगितले आहे. सही करणाऱ्याचे पुढे काय होते यावर मात्र एक ओळ नाही. वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी मावशी. काका गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हते. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली, म्हणजे मावशी, मुलगा आणि दोन मुली, चौघांचा सारखा हिस्सा. उत्तरकार्य आटोपले आणि ‘मुली आल्याच आहेत तर सह्या उरकून घेऊ’ असे ठरले. मुलींनी भावासाठी हिस्सा सोडला, तो त्यांचा निर्णय. पण त्याच दस्तात मावशीलाही घातले होते. ‘आईचे नाव ठेवले तर पुढे पुन्हा वारसनोंद करावी लागेल,’ हा दस्त लिहिणाऱ्याचा सल्ला! कचेरीत तिचा अंगठा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर खुरपे धरलेला हात तो. पदराने पुसून पुसून पुन्हा दाबायला लावला, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितले, झाले. दस्त तिला कोणी वाचून दाखवला नाही. त्यात लिहिले आहे, ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय.’

पुढे रस्त्याकडेचा तुकडा विकला गेला, तो तिला शेजारणीकडून कळला. आज औषधाच्या पैशांसाठी ती सुनेच्या तोंडाकडे बघते.

नोंदवलेले हक्कसोडपत्र मन बदलले म्हणून एकतर्फी रद्द होत नाही. दिवाणी न्यायालयात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो आणि तो दावाही कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. पण अट हवी. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेले एक प्रकरण आईने करून दिलेल्या हक्कसोडपत्राचेच होते. दस्तात सांभाळाची अट नव्हती, तशी अट होती हे दाखवताही आले नाही, म्हणून तिला या कलमाचा आधार मिळाला नाही. लेखकाला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. मग लिहिले का नाही?

आईचे नाव सातबाऱ्यावर राहू द्या. तिच्या पश्चात वारसनोंदीचा एक अर्ज करावा लागेल, त्याचे एवढे ओझे का वाटावे? आणि तिचा हिस्सा सोडवून घ्यायचाच असेल, तर तिचे राहणे, औषधपाणी आणि उत्पन्नातला वाटा दस्तात स्पष्ट लिहा. सहीपूर्वी तो तिला घरी बसून, सावकाश वाचून दाखवा.

आणखी एक. त्या विक्रीची जाहीर नोटीस आपल्याच वृत्तपत्रात आली होती, हे आम्हाला नंतर समजले. हरकतीची मुदत थोड्या दिवसांची आणि अक्षर इतके बारीक की साठी उलटलेल्या माणसाला ते चष्म्यानेही लागत नाही. निदान गावाचे नाव आणि गट क्रमांक तरी ठळक छापत जा.

आपली,
एक वाचक, वाई (जि. सातारा)