फळा दक्षिणेला घे

सोलापूर

चि. माई,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला वर्गाचा फोटो दोनदा बघितला, मग आईचा चष्मा लावून तिसऱ्यांदा. खोली ऐसपैस आहे, रंगही नवा दिसतोय. पण फळा पूर्वेच्या दोन खिडक्यांच्या मधोमध टांगलाय, ते काही मला पटलं नाही. सकाळचा उजेड थेट पोरांच्या डोळ्यांत जाणार आणि फळ्यावरचं काही दिसणार नाही. चौथीत मी असाच बसायचो. वर्षभर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून काढलं आणि वर ‘याचं लक्ष नसतं’ हे ऐकून घेतलं. फळा दक्षिणेच्या भिंतीला घे. खिडक्या पोरांच्या डाव्या हाताला येतील, लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडणार नाही. कुणी डावखुरं असलं तर त्याला रांगेच्या डाव्या टोकाला बसव, नाहीतर शेजाऱ्याशी दिवसभर कोपराची मारामारी.

आता कपाटाचं. तीस वर्षं मी मागावर उभा राहिलो. नवा माणूस आला की सुताच्या कांड्या लांब ठेवायचा, उठून आणायला जायचा, तोवर माग बंद. खडू, पाट्या, मणी कुलपात ठेवलेस तर ‘मॅडम, खडू’ करत सगळी तुझ्याभोवतीच फिरतील. जडसंग्रहाच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या, नोंदवहीची धास्ती मला कळते, पण रोजचं सामान पोरांच्या हाताला लागेल असं खाली, उघड्यावर ठेव. चिंचोके, गारगोट्या, काड्या वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर चित्र आणि नाव. अक्कलकोटकडची निम्मी पोरं घरी कन्नड बोलणार, म्हणून ‘पाणी’खाली ‘नीरु’, ‘दार’खाली ‘बागिलु’ असंही लिही. उच्चार चुकला तर पोरंच तुला शिकवतील, आणि खूश होतील.

पहिली-दुसरी एका खोलीत, हे काही चुकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक. पण दोन्ही वर्गांची तोंडं एकाच दिशेला नकोत. दुसरी फळ्याकडे, पहिली पश्चिमेच्या भिंतीकडे. त्या भिंतीला खालून अडीच-तीन फूट काळा रंग मारून घे, तो पहिलीचा फळा. खिडकीचा उजेड समोरून त्यावर पडेल. पहिलीचं लिहिणं तसंही वहीपेक्षा भिंतीवरच जास्त. उन्हाळ्यात ती भिंत तव्यासारखी तापते म्हणशील, पण तेव्हा आपल्याकडे शाळा सकाळची असते. साताऱ्याकडे कुमठे बीटातल्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या त्या गटातल्या, शाळांनी फरशीवरच आखण्या करून पोरांना शिकवलं. तूही एक संख्यारेषा काढ, उड्या मारू देत.

तक्ते मात्र थोडेच लाव. त्यापेक्षा एक दोरी बांध, पोरांची चित्रं चिमट्याने अडकव, तीही त्यांच्या नजरेच्या उंचीवर.

सगळं लावून झालं की पोरं यायच्या आधी मागच्या कोपऱ्यात बस्करपट्टीवर मांडी घालून बस आणि फळा वाच. उभ्याने नाही, बसूनच. नाही दिसलं तर पुन्हा हलवू.

रविवारी ड्रिल आणि खुंट्या घेऊन येतो. वाचनाच्या कोपऱ्यासाठी दोन जुन्या चादरी धुऊन ठेवल्यात, कडा थोड्या विरल्यात, पण पोरांना मऊ लागतील. आई शेंगाचटणी देतेय. मागचा डबा अजून तुझ्याकडेच आहे, तो धुऊन ठेव.

तुझा
आप्पा