विहिरीचा दगड घरकुलाले चालू द्या

मा. संपादक साहेब,
सध्या आमच्याइकडे घरकुलाची कामं जोरात सुरू आहेत, चांगलंच आहे, पण एक गोष्ट काही पटून नाही राह्यली. यवतमाळ-वाशीम साइडला कोणत्याही वावरात जा, विहिरीच्या काठावर काळ्या दगडाचा ढीग दिसतेच. सुरुंग लावून फोडला, वर काढला अन् तिथंच टाकला, आता त्यावर घाणेरी वाढून राह्यली. अन् त्याच शेतकऱ्याचं घरकुल मंजूर झालं की तो विटांसाठी ट्रॅक्टर सांगते! सपाट भागात घरकुलाची मूळ सरकारी मदत १ लाख २० हजार, त्यातला अर्धा पैसा तर मटेरियल अन् भाड्यातच जाते.

सिमेंटसाठी चुनखडी १४५० डिग्रीच्या आसपास भाजा लागते, कोळसा जळते तो वेगळा अन् खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड निघते. ढिगातला दगड फक्त वाहून आणायचा. मात्र टेकडी फोडून काढलेल्या दगडाले पर्यावरणपूरक म्हणू नका बाप्पा, मी फक्त आधीच निघालेल्या नाहीतर पडक्या वाड्याच्या दगडाबद्दल बोलून राह्यलो.

दगडाचं घर म्हटलं की लोक लगेच किल्लारीचा भूकंप काढतात. बरोबर आहे, ३० सप्टेंबर १९९३ ले दगडाच्याच भिंती माणसांवर पडल्या. पण त्या भिंती कशा होत्या तेही पाहा, आत-बाहेर दोन वेगळे थर, मधात माती अन् कपच्या, वरून मातीच्या माळवदाचं वजन. दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार लांब दगड टाकले, सांधमोड नीट ठेवली म्हणजे खालच्या थराच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ नाही दिला, कोपरे गुंतवले अन् खिडकी-दरवाज्यावरून चारही भिंतींना सळाखीचा पट्टा फिरवला तर गोष्ट बरीच वेगळी होते. नुसत्या मातीत रचलेली भिंत मीही मागत नाही.

दुसरी अडचण जागेची. बाहेरून १५ बाय १८ फुटाचं घर, भिंत दीड फुटाची, तर आत उरते १२ बाय १५, म्हणजे २७० पैकी १८० चौरस फूटच. म्हणून अख्खं घर दगडाचं करा असं नाही, पाया, जोतं अन् पश्चिमेची एक भिंत तेवढी दगडाची करा. मे महिन्यात दुपारभर ऊन त्याच भिंतीवर राहते, जाड दगड तापायलेच वेळ लागते, फक्त रात्री खिडक्या उघड्या ठेवा लागतात. पाया मात्र काळी माती काढून खालच्या पक्क्या मुरुमापर्यंत नेलाच पाहिजे, नाहीतर दगड असो का वीट, पावसाळ्यात माती फुगली अन् उन्हाळ्यात आकसली की तडा जाणारच.

दगड बसवणारे जुने गवंडी कमी झाले, नव्या पोराले कॉलम-बीमच माहीत. ग्रामीण गवंडी प्रशिक्षण चालते त्यात दगडकाम पक्कं शिकवा, अन् शिकवायले आमचे वडार कारागीर घ्या. घरकुलाले ५ ब्रास वाळू मोफत देता, तसंच स्वतःच्या विहिरीचा दगड घरापर्यंत नेण्याची लेखी परवानगी मंजुरीच्या कागदासोबतच देऊन टाका, म्हणजे ट्रॅक्टर पकडला, दंड बसला, ही भीती राहणार नाही.

एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ