आखाजीला येत नाहीये, त्याबद्दल

आई, नाना,

फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि नाना "बरं बरं" करून फोन ठेवतात, म्हणून लिहितेय. दादाला मोठ्यानं वाचायला लावा.

यंदा मी पीजीची नीट परीक्षा देत नाहीये. इंटर्नशिप संपली की एक वर्ष खारघरला, टाटाच्या कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. सरांना हो म्हणून झालंय. आखाजीलाही जमणार नाही, आई तू झोका बांधायला लावू नकोस, किंवा बांध, छकुली बसेल.

नाना, भुसावळला दवाखाना टाकायचं रद्द नाही झालेलं, वर्षभर पुढे गेलंय फक्त. एका वर्षानं काय बिघडतं, उलट पुढे ॲडमिशनला उपयोगच होईल, आणि थोडे पैसेही मिळतात, तुम्हाला पाठवावे लागणार नाहीत. लोक म्हणतील डॉक्टर झाली आणि बश्या धुतेय. म्हणू द्या.

काम असं की कॅन्सरच्या पेशी चालतात कशा ते बघायचं. मोठ्या काकांच्या वेळी आपण सगळे एकच विचारत होतो ना, गालातलं तर सगळं काढलं, मग मानेत गाठ आली कुठून. तिथूनच आली, ऑपरेशनच्या आधीच निघालेली असणार. बरेचसे पेशंट पहिल्या गाठीनं नाही, पसरल्यानं जातात.

आम्ही बशीत पेशींचा एकेरी थर वाढवतो, पिपेटच्या, म्हणजे थेंब टाकायच्या नळीच्या, टोकानं मधोमध ओरखडा काढतो आणि ३७ डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये ठेवून ठरावीक तासांनी फोटो काढतो. दोन्ही काठांच्या पेशी पुढे पातळसा पाय टाकतात, तो चिकटला की मागचं अंग ओढून घेतात, असं करत मधली जागा भरते. गोम अशी की जागा पेशी चालल्या म्हणून भरली की नुसत्या वाढल्या म्हणून, हे कळत नाही, म्हणून आधी त्यांची वाढ थांबवायची आणि मग औषधानं चाल मंदावते का ते मोजायचं. बशीत थांबलं म्हणजे माणसात थांबलं असं नाही, हे मलाही माहितीये. पण सुरुवात तिथूनच होते.

नाना, तुम्हाला पटेल असं एक. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या आणि म्हणाला, बी सगळीकडे उडतं पण रुजतं ते मानवेल त्याच जमिनीत. तुम्ही कांदेबागेच्या वेळी वेगळं काय सांगता!

आई, कॅन्सर हाताला लागत नाही. हातमोजे असतात, काचेच्या कपाटात हात घालून काम असतं. रूमवर पंखा आहे, पाणी चोवीस तास, मेसची भाजी फिक्की पण आपला मसाला आहे ना. बिबडे पाठव, तेवढेच. पहाटे पेशींचे फोटो काढायला उठते तेव्हा कधी कधी खूप आठवण येते, ताप आला की नाना मला केळीच्या बागेत गारव्याला बाजेवर निजवायचे, आणि तू शेजारी बसून पाय दाबायचीस. आताही ताप आला तर मी येईनच, कल्याणहून रात्रीत भुसावळ.

आता ऐका. नाना, तंबाखूची पुडी परत बनियनच्या खिशात आलीय असं कळलं. रागवत नाहीये. पण दात घासताना आरशात बघा, तोंडात तीन बोटं उभी जातात का, गालात किंवा जिभेखाली पांढरा-लाल चट्टा आहे का, आणि दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दादानं तुम्हाला सरळ जळगावला न्यायचं, "पाहू उद्या" चालणार नाही. दुपारी बारा ते चार शेतात जायचं नाही, ठिबक बघायला गडी आहे. आई, गोळी जेवणाच्या आधीची ती आधीच घे.

शुगरचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाका, आणि फोटो सरळ काढा, मागच्या वेळी निम्मा अंगठाच आला होता.

तुमची
बेबी