काशाची वाटी आणि आयव्हीएफ

तळपायाच्या मसाजमुळे आयव्हीएफला (म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांना) यश मिळते, असे सांगणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. या दाव्याला माझा आक्षेप आहे.

मसाजने बरे वाटते, यात वाद नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे उपचार चालू होते तेव्हा रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन असे. रात्री आई तिच्या तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवायची, तूप काळे पडेपर्यंत. दोघी फारशा बोलत नसत, पण बहिणीला झोप लागायची. त्या दिवसांत तेवढी झोपही आम्हाला मोठी वाटे.

पण झोप लागणे वेगळे आणि मूल होणे वेगळे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ८००हून अधिक महिलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आयव्हीएफसोबत खरे अ‍ॅक्युपंक्चर (ठरावीक ठिकाणी बारीक सुया टोचण्याचा उपचार) घेतलेल्यांत बाळ जन्मण्याचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते आणि त्वचेत न शिरणाऱ्या नुसत्या दिखाऊ सुया लावलेल्यांतही जवळपास तेवढेच. तळपायाच्या मसाजच्या बाजूने तर एवढा मोठा अभ्यासही नाही.

शिवाय इंजेक्शनांमुळे अंडाशय मोठे होतात, त्यांना पीळ पडण्याचा धोका असतो. अशा वेळी पोटावर जोरात मालिश करणे टाळायलाच हवे. लेखात याचा उल्लेखही नाही. उपचारांवर आधीच लाखभर रुपये घातलेल्या जोडप्यांनी आशेपोटी आणखी पैसे आणि जीव धोक्यात घालू नये, म्हणून पुढच्या अंकात हा खुलासा अवश्य छापावा.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा