गाणी पळवायची, तर उरतं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने सिनेमे आईवडिलांसोबत कसे बघावेत यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. हेतू चांगलाच असणार, त्याबद्दल वाद नाही. पण ‘द साउंड ऑफ म्युझिक’ जवळजवळ तीन तासांचा, वडीलधाऱ्यांना इतका वेळ बसवत नाही, तेव्हा ‘गाणी पळवत बघा’ हा सल्ला लेखकमहाशयांनी नक्की कोणाच्या आईवर अजमावला, ते कळलं तर बरं होईल. संगीतपटातली गाणी पळवल्यावर उरतं काय? एक विधुर कप्तान, त्याची शिट्टी आणि सात पोरं.

हा प्रयोग आमच्यावर होऊन गेलेला आहे. एका वाहिनीने हा सिनेमा दाखवताना जाहिरातींना जागा करण्यासाठी ‘एडलवाइस’ चक्क उडवलं होतं. ते गाणं दोनदा येतं. यांनी पहिलं उडवलं, दुसरं ठेवलं. दुसऱ्यांदा ते ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या महोत्सवात येतं, समोर नाझी अधिकारी बसलेले असताना. गाता गाता कप्तानाचा गळा दाटतो, त्याच्या पोरांना सांभाळायला मठातून आलेली मारिया सूर सावरते आणि सगळं प्रेक्षागृह गाऊ लागतं. आईने विचारलं, “ह्याला एकदम काय झालं गं?” काय सांगणार? ज्यावरून ते कळलं असतं, ते वाहिनीने साबण विकायला कापलेलं.

मग अख्खा सिनेमा मिळवला आणि तिच्याबरोबर पुन्हा बघितला. तिचं इंग्रजी बेताचं, पण खालची अक्षरं वाचण्यात चेहरे सुटतात म्हणून तिने ती बंदच करायला लावली. कप्तान शिट्टीवर पोरांना रांगेत उभं करतो तेव्हा म्हणाली, “ह्याला कुणीतरी चार शब्द सुनवायला हवेत.” पुढे मारियाने सुनावले तेव्हा आईने अशी मान हलवली, जणू हिच्या सांगण्यावरूनच ती बोलली.

नंतर मारिया त्याच्या हातात गिटार देते. बायको गेल्यापासून त्या घरातलं गाणं बंद पडलेलं. तो आढेवेढे घेतो, मग हळूच ‘एडलवाइस’ गाऊ लागतो (वाहिनीने उडवलेलं पहिलं ते हेच), थोरली मुलगी साथ देते, आणि गाता गाता त्याची नजर मारियाकडे जाते. कप्तान जिच्याशी लग्न करायचं म्हणत असतो, ती बॅरोनेस ते बघते. कोणी काही बोलत नाही. आई म्हणाली, “संपलं हिचं.” कप्तानाला स्वतःला हे उमगायला अजून बराच सिनेमा जायचा होता. आणि लेखकमहाशय नेमकं हेच पळवायला सांगतात!

बरं, त्याच लेखात कप्तान झालेल्या क्रिस्टोफर प्लमरच्या गाण्यातल्या ‘मुलायम आवाजा’चं कौतुक आहे. तो आवाज पार्श्वगायक बिल ली यांचा. ‘एडलवाइस’ हे ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीतही नव्हे. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीने ते १९५९ च्या मूळ नाटकासाठी रचलं. हॅमरस्टाइन यांनी लिहिलेलं ते शेवटचं गाणं. १९६० मध्ये ते गेले. सिनेमा आला १९६५ मध्ये, तो त्यांना बघायलाही मिळाला नाही. एवढं तपासायला कितीसा वेळ लागतो? गाणी पळवून वाचलेल्या वेळात सहज झालं असतं.

राहिला प्रश्न तीन तास बसण्याचा. सिनेमाला मध्यंतर आहे. मारिया रात्री कोणालाही न सांगता घर सोडून मठाकडे निघते तिथे. ज्यांना बसवत नाही त्यांनी तेव्हा उठावं, पाय मोकळे करावेत. आई उठलीच नाही. मीच पाणी आणायला गेले, तर आतून हाक आली, “अगं, ये लवकर, ही परत येते की नाही ते बघू.”

जाता जाता, त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरं हल्ली भलत्याच कोड्याची छापली जातात. आई ते दर रविवारी सोडवते आणि जुळलं नाही की माझ्यावर चिडते. कृपया यात लक्ष घालावे.

आपली,
एक नियमित वाचक